लोवेलला मी जाऊ दिलं नाही

लोवेल हॅचरला दुसऱ्या संघाला देऊ नका, असं सांगणारा माणूस मी. बफेलोत आता हे फारसं कुणाला आठवत नाही, आणि ज्यांना आठवतं ते माझं कौतुक करतात. "कॅझ, त्या वेळी तू एकटा पोराच्या बाजूनं उभा राहिलास," असं म्हणून माझ्यासाठी बिअर मागवतात. मी पितो. 

चौतीस वर्षं मी बफेलो फेरीमेन या आमच्या गावच्या बेसबॉल संघासाठी पोरं हुडकली. एप्रिलच्या थंडीत शाळांच्या मैदानांवर लोखंडी बाकांवर बसून माझ्या कमरेचं मातेरं झालं. एवढ्या वर्षांत मी शोधलेली अकरा पोरं वरच्या संघात खेळली. बाकीची आमच्याच खालच्या, तयारीच्या संघांमधून बसने फिरत राहिली आणि एक दिवस घरी गेली. लोवेल माझा शेवटचा. खरं तर त्या दिवशी मी दुसऱ्याच पोराला बघायला गेलो होतो, पेनसिल्व्हेनियातल्या एका खाणीच्या गावात. पण हा डावखुरा, कोपरं आणि गुडघेच जास्त असलेला पोरगा चेंडू टाकायला उभा राहिला, आणि चेंडू झेलणाऱ्या कॅचरच्या हातमोज्यातून असा आवाज आला की हॉट डॉग विकणाऱ्या बाईनंही मान वळवली. मी वही मिटून ठेवली. लिहिण्यासारखं काही उरलं नव्हतं.

त्याच आठवड्यात मी त्याच्या घरी गेलो. आई नॅडीन शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती, बाप कधीच निघून गेलेला. तिनं मला जेवणाच्या टेबलापाशी बसवलं, रूबार्बची आंबटगोड पेस्ट्री कापून पुढे ठेवली आणि कराराचे कागद उलटसुलट न करता एकच प्रश्न विचारला.

"मिस्टर डूडेक, हा वर पोचेल का? गोड बोलू नका, खरं सांगा."

आमच्या धंद्यात याचं उत्तर कुणी देत नाही. मीही तीस वर्षं दिलं नव्हतं. पण ती पेस्ट्री फार चांगली झाली होती, आणि तो आवाज अजून माझ्या कानात होता.

"पोचेल," मी म्हणालो. "आणि पोराचा वरचा पहिला दिवस असला की टीव्हीवाले गर्दीतून आईला शोधून काढतात. कॅमेरा नेमका तुमच्यावर येणार. केस तेवढे नीट करून या म्हणजे झालं."

तिचा हात डोक्यावरच्या जाळीकडे गेला. कामावरून आल्यावर ती काढायची राहिली होती. ती हसली. "हे केस? यांना दोन दिवस तरी आधी सांगावं लागेल हो."

"सांगीन ना. मी स्वतः फोन करीन. शब्द दिला."

लोवेल दारात उभा राहून लाजून चूर झाला होता. त्यानं सही केली.

त्यानंतर चौथ्या उन्हाळ्यात तो रॉचेस्टरला होता, म्हणजे आमच्या सगळ्यात वरच्या पायरीच्या एकच पायरी खाली. बावीस वर्षांचा. आणि त्याच उन्हाळ्यात आमचा वरचा संघ चक्क जिंकत होता. बफेलोत हे रोज होत नाही. जुलै संपत आला तरी आम्ही पहिल्या नंबरवरच्या कोलंबसपेक्षा फक्त दोन सामने मागे होतो. भाजीवाल्यापासून पाद्र्यापर्यंत सगळे एकच विचारत होते, ऑगस्टिनला आणणार की नाही?

टेरेन्स ऑगस्टिन टक्सनच्या संघाकडून खेळायचा. असे घणाघाती फटके मारणारा माणूस पिढीत एखादा निघतो. टक्सन तळाला पडलेलं होतं. ऑगस्टिनचा करार ऑक्टोबरला संपत होता, आणि मग तो मोकळा, त्याच्या मर्जीला येईल त्या गावी जाणार. फुकट जाण्यापेक्षा त्याच्या बदल्यात काहीतरी पदरात पाडून घ्यावं, असं टक्सनला वाटत होतं. एकतीस जुलैच्या संध्याकाळी सहा वाजता असे सगळे सौदे बंद होतात. आणि ते काहीतरी म्हणजे त्यांना लोवेलच हवा होता. दुसरं नाव ते ऐकूनच घेत नव्हते.

आमचा संघ चालवणारी रोझॅन पेटिट. मी तिला ती फोन उचलायच्या कामावर लागली तेव्हापासून ओळखत होतो. त्या आठवड्यात तिनं मला रोज फोन केला.

"दोन महिने, रोझॅन," मी म्हणायचो. "दोन महिन्यांच्या फटकेबाजासाठी तू सहा वर्षं आपल्याकडे चेंडू टाकणारा पिचर देणार? भाड्याच्या घराला रंग द्यायला कुणी स्वतःची गाडी विकतं का?"

"सहा वर्षं कागदावर, म्हाताऱ्या. खांद्याला आणि कोपराला कागद वाचता येत नाही."

"हा हात टिकणारा आहे."

"तुझ्या प्रत्येक पोराचा हात टिकणाराच असतो. लग्नाच्या मुलीबद्दल बोलतोस तसं बोलतोस त्यांच्याबद्दल!"

मी चिडून फोन ठेवायचो. चिडायचो, कारण ते खरं होतं.

एकतीस तारखेला रॉचेस्टरला दुपारचा सामना होता. मी कॅचरच्या मागे, जाळीपाशी बसलो होतो. लोवेल सुरेख टाकत होता. चौथ्या डावात दोन गडी बाद झालेले, आणि मॅनेजर लेनी खेळाडू बसतात त्या डगआउटमधून सावकाश चालत मैदानात आला. लोवेलला काही दुखलंखुपलं नव्हतं. लेनीनं त्याच्या हातातून चेंडू काढून घेतला आणि कानात काहीतरी सांगितलं. जुलैच्या शेवटच्या दिवशी धडधाकट पोराला मधूनच बाहेर काढलं की त्याचा अर्थ मैदानातल्या शेवटच्या प्रेक्षकालाही कळतो. सौदा ठरत आलेला असतो, आणि तोवर पोराला इजा होऊ द्यायची नसते. डगआउटमध्ये एकेक जण उठला आणि लोवेलला मिठी मारू लागला. कॅचरनं तर त्याला उचललंच. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. मी खाली बसून राहिलो.

मी खाली गेलो तेव्हा लोवेल कपडे बदलायच्या खोलीबाहेरच्या बोळात भिंतीला टेकून उभा होता. एका हातात फोन. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्याला भान नव्हतं.

"मिस्टर डूडेक," तो म्हणाला, "मी आत्ता..."

"काही बोलू नकोस." सौदा जाहीर होईपर्यंत पोरांनी तोंड उघडायचं नसतं, हा नियम मीच त्याला शिकवला होता. "अजून सहा वाजायचे आहेत. मी बघतो."

"नाही, पण मला..."

"अरे, मी आहे ना!" मी त्याच्या खांद्यावर थाप मारली आणि निघालो. पोटच्या पोराला कुणी ओढून नेत असल्यासारखं मला वाटत होतं. मागे वळून मी त्याच्याकडे पाहिलंही नाही.

रोझॅनचा फोन दुपारभर लागत नव्हता; साडेपाचला गाडीत बसून लावला तेव्हा तो लागला.

"मालकांचं म्हणणं, करून टाक," ती म्हणाली. "माझंही मत अर्ध्याहून जास्त तिकडेच आहे. या वर्षी नाही जमलं तर मला नारळ देणार, तेही मला ठाऊक आहे. पण त्या पोराला तू माझ्यापेक्षा ओळखतोस. एक शब्द सांग. हो की नाही?"

मी तिला आकडे सांगू शकलो असतो. मी म्हणालो, "पोरगं बोळात उभं राहून रडतंय, रोझॅन. त्याला इथंच खेळायचंय. त्याला देऊ नकोस."

पलीकडे तिनं कुणाला तरी दार लावून घ्यायला सांगितलं. मग म्हणाली, "बरं."

आज मला कबूल करायला हरकत नाही. लोवेलला काय हवं ते मी त्याला विचारलंच नव्हतं. मला बफेलोचा निळा सदरा घातलेला माझा बारावा पोरगा बघायचा होता. टक्सनचा लाल सदरा घातलेला तो मला नको होता. एवढीच गोष्ट होती, आणि तिला मी त्याचे अश्रू असं नाव दिलं.

सहा वाजून गेले. ऑगस्टिन शेवटच्या दहा मिनिटांत कोलंबसला गेला. मी खुशीत नॅडीनला फोन केला.

"नॅडीन, मी डूडेक. तुमच्या पोराला नेत होते बरं का टक्सनला! मी थांबवलं. लोवेल कुठेही जात नाही."

 पलीकडे नुसती खुडबुड.

"थांबा हं," ती शेवटी म्हणाली. "मला फोन नीट धरता येत नाहीये." पुन्हा खुडबुड. "जात नाही म्हणजे... अजिबातच नाही?"

"अजिबात नाही! इथंच राहणार. एप्रिलमध्ये बफेलोला वर आणतोच त्याला."

"बरं," ती म्हणाली. तिनं नाक ओढल्याचं ऐकू आलं. "थँक यू, मिस्टर डूडेक. तुम्ही फार धडपडता त्याच्यासाठी."

बाई आनंदानं रडतेय, असं मी समजलो. घरी जाताना थांबून चिकन विंग्ज खाल्ले, दोन माणसांचे.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण सांगताना अजून त्रास होतो. ऑगस्ट संपायच्या आठवडाभर आधी, रॉचेस्टरलाच, लोवेलनं एक चेंडू टाकला आणि कोपर धरून खाली बसला. मी त्याच जागी, जाळीपाशी होतो. एक शस्त्रक्रिया, एक वर्ष वाया. पुन्हा दुसरी. त्यानंतर त्या हातमोज्यातला आवाज कुणी ऐकला नाही. आमचा संघ एका सामन्यानं मागे राहिला. ऑगस्टिननं कोलंबससाठी आमच्याच विरुद्ध मैदानाबाहेर जाणारे दोन होमरन मारले. ऑक्टोबरमध्ये रोझॅनला काढलं. तिनं मला एका शब्दानं दोष दिला नाही, आणि त्यामुळेच मी तिला फोन करायचा बंद केला.

या मार्चमध्ये नॅडीन गेली. म्हणजे त्या जुलैला आठ वर्षं होत आली होती. मी निवृत्त होऊन बसलो होतो, तरी गाडी काढून तिच्या गावी गेलो. दफनानंतर चर्चच्या तळघरात जेवण होतं, हॅम आणि चीज घातलेले बटाटे. शाळेच्या स्वयंपाकघरातल्या बायकाच वाढत होत्या. लोवेल आता लाकडाच्या वखारीत काम करतो. अंगानं भरलाय. कागदी थाळी घेऊन तो माझ्या शेजारी येऊन बसला.

मला राहवलं नाही. मी म्हणालो, "लोवेल, माझा अंदाज चुकला. तुझ्या हाताबद्दल."

"हात कुणाला कळतो, मिस्टर डूडेक?" तो म्हणाला. "तिकडेही तो निकामी झालाच असता."

"तरी मला एक समाधान आहे. त्या दिवशी बोळात तुला रडताना पाहिलं, आणि निदान तुला नको होतं तिकडे जाऊ दिलं नाही."

त्यानं काटा खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं, मग बटाट्यांकडे.

"तुम्हाला कुणी सांगितलंच नाही का?" तो हळू म्हणाला. "लेनीनं मला मैदानातच सांगितलं होतं. टक्सनचे दोन पिचर जायबंदी होते. शुक्रवारच्या सामन्यात पहिला चेंडू मीच टाकणार होतो. तिथंच, त्यांच्या मैदानावर. वरच्या संघात."

मी माझाही काटा खाली ठेवला.

"मी खुशीनं रडत होतो हो," तो म्हणाला. "आत्ताच आईला फोन केला, हेच तुम्हाला सांगत होतो. तुम्ही ऐकलं नाहीत."

"मग नंतर का नाही सांगितलंस? इतक्या वर्षांत?"

"आई म्हणाली, नको. त्या माणसानं आपल्यासाठी भांडण केलं, त्याला वाईट वाटेल." त्यानं थाळी दूर सारली. "तीन तास, मिस्टर डूडेक. तीन-साडेतीन तास मी वरच्या संघात होतो. सगळ्यांनी मिठ्या मारल्या होत्या. सहानंतर मला परत आत जाऊन त्याच खुंटीला सदरा अडकवायला लागला. कुणी माझ्याकडे बघेना. आईला फोन करायचा धीर होईना मला. तुम्ही केलात ते बरंच झालं."

म्हणजे तिला ते माझ्याच तोंडून कळलं होतं. त्या खुशीतल्या आवाजात.

"तिनं..." मी म्हणालो, "तिनं तेव्हा फोन नीट धरता येत नाही असं म्हटलं होतं."

लोवेल हसला. आईबद्दल हसतात तसं, रडता रडता.

"कसा धरता येणार? डोकंभर केसांचे रोलर लावून बसली होती. माझा फोन ठेवल्या ठेवल्या शेजारच्या बाईला बोलावून घेतलं, केस सेट करायला. शुक्रवारला तीनच दिवस होते ना. म्हणाली, मिस्टर डूडेकनी सांगितलंय, कॅमेरा नेमका माझ्यावर येणार."