तांदळातलं नाव

भटजींनी चांदीच्या ताटातले तांदूळ तळहाताने सारखे केले आणि सोन्याची अंगठी नवरदेवाच्या, आदर्शच्या हातात दिली. आता नवरीचं सासरचं नवं नाव लिहायचं होतं. वैदेही. आदर्शच्या वडिलांनी, दिनानाथांनी, ते पत्रिका बघून काढलं होतं आणि पेढ्यांच्या बॉक्सवर छापूनही घेतलं होतं. उत्साही माणसाला थांबवणार कोण?

नवरी पेणची, अपेक्षा. तिथल्या गणपतीच्या कारखान्यात आठ वर्षं ती मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करत होती. ठाण्याचे व्यापारी मूर्ती सांगतानाच बजावायचे, डोळे अपेक्षाच्या हातचे पाहिजेत. तिने आदर्शचं मनगट हलकेच धरलं.

“माझं नाव हाय तेच राहूंदे,” ती म्हणाली. “एवढे डोळे याच नावानं काढलेत.”

वरसे गावातल्या त्या भरल्या घरात सगळ्यांच्या माना नवरीकडे वळल्या. आत्याबाईंनी समजावून पाहिलं, की या घरात प्रत्येक सुनेचं नाव बदललंय, कुणाचं काही बिघडलं नाही. धाटावच्या कंपनीत सुपरवायझरशी बिनधास्त भांडणारा आदर्श अंगठी हातात धरून आईकडे बघत राहिला. विमलबाई रीतिरिवाजाला पक्क्या. त्या काय म्हणणार, हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं.

विमलबाईंनी हातातलं हळदीकुंकू खाली ठेवलं.

“माझं माहेरचं नाव धोंडू,” त्या म्हणाल्या.

कुणीतरी हसलं. विमलबाई थांबल्या नाहीत. धरमतरच्या खाडीकाठचं त्यांचं माहेर. त्यांच्या आधीची तीन भावंडं वर्षाच्या आत गेली, म्हणून आईने चौथीचं नाव दगडधोंड्यांतलं ठेवलं, कुणाची नजर पडायला नको. शाळेत त्या नावाची लाज वाटायची. लग्नात याच ताटात ‘विमल’ उमटलं तेव्हा सुटल्यासारखं झालं होतं. आई मात्र शेवटपर्यंत धोंडूच म्हणायची. ती गेली, आणि त्या नावाने हाक मारणारं कुणी उरलं नाही.

“तिघं गेली, मी जगले,” विमलबाई म्हणाल्या. त्यांची मान ताठ होती. “आईनं मला जगवायला दिलेलं नाव मी या ताटात सोडून आले. हिला सोडायला लावू नका.”

आदर्शने ठळक अक्षरांत ‘अपेक्षा’ लिहिलं. आता एवढ्या बॉक्सचं काय करायचं, असं आत्याबाईंनी विचारलं, तर नवी नवरी म्हणाली, पेढे काय, गोडच लागतील. मग मात्र सगळेच हसले.

दिनानाथ अजून ताटाकडेच बघत होते. पस्तीस वर्षांपूर्वी त्या ताटात ‘विमल’ लिहिणारा हात त्यांचाच. त्यानंतर चारचौघांत त्यांनी बायकोला नावाने कधी हाक मारली नव्हती. नुसतं ‘अगो’ म्हटलं की भागायचं. रोह्याहून आलेला फोटोवाला घरच्यांना एकमेकांना खेटून उभं करत होता आणि विमलबाई नेहमीसारख्या मागे सरकत होत्या. दिनानाथांनी शेजारची जागा मोकळी केली आणि घसा साफ केला.

“धोंडू,” भरल्या घरात ते मोठ्याने म्हणाले, “ये गो, हितं माझ्या बाजूला उभी राहा.”

“आले,” म्हणत विमलबाई पदर सारखा करून पुढे आल्या.