कापसावर ठेवलेला लॅपटॉप

माझ्या टचपॅडची डावी कड शेजारच्या पत्र्यापेक्षा दीड मिलिमीटर वर आली आहे. म्हणजे ज्वारीच्या दाण्याच्या निम्म्याहून कमी. समोरून पाहिलं तर लक्षात येत नाही. तिरप्या उन्हात मात्र त्या कडेची एक बारीक सावली पडते. मागच्या दिवाळीला ही सावली नव्हती.

मित्रांनो, मी नऊ वर्षांचा एक लॅपटॉप आहे. लॅपटॉपच्या मानाने हे म्हातारपणच. या वयात इतरांना अडगळीची भीती वाटते, मला माझ्या स्वतःच्या पोटाची वाटते. माझी बॅटरी तिथे आहे, आणि ती फुगते आहे.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. आधी पत्रा, मग तांब्याच्या केसासारख्या बारीक वाटा, मग काच. बॅटरी सगळ्यात शेवटी आली. तिच्यात चपट्या चंदेरी पाकिटांसारखे तीन सेल होते. ती बसवणाऱ्या बाई इतर भाग भराभर बसवत होत्या, पण बॅटरीपाशी त्यांचा हात हळू झाला. समोरच्या भिंतीवर एक चित्र होतं. त्यात बॅटरीवर हातोडी, बॅटरीत खिळा आणि बॅटरीखाली जाळ होता, आणि तिन्हींवर लाल फुली मारलेली होती. त्या फुल्यांचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. तरी माझ्या आठवणीतली पहिली गोष्ट तीच आहे.

तिथून मी जालन्याला आलो, अर्पितभाऊंच्या दुकानात. त्या जागी त्यांच्या आजोबांचं कापडाचं दुकान होतं, आणि वस्तू दोन्ही हातांनी उलगडून दाखवायची घरातली सवय अर्पितभाऊंनी सोडलेली नाही. त्यांनी मला तसंच उघडलं. समोर चिन्मयीताई उभ्या होत्या. त्यांना बियाण्यांच्या एका कंपनीत, प्रयोगशाळेत नुकतीच नोकरी लागली होती. त्यांनी माझी प्रत्येक कळ एकदा दाबून पाहिली. एकशे एक कळा. मग म्हणाल्या, "हा चालेल."

पहिली पाच वर्षं सुखाची होती. मी एका टेबलावर असायचो. चिन्मयीताई ओल्या कागदाच्या गुंडाळ्यांमध्ये कापसाचं बी रुजत घालत. शंभर दाणे, असे चार वेळा. चौथ्या दिवशी पहिली मोजणी आणि बाराव्या दिवशी शेवटची. किती उगवले, किती वाकडे उगवले, किती कुजले, हे सगळं त्या माझ्यात लिहीत. प्रयोगशाळेतला एक नियम त्या फार कसोशीने पाळत. शेवटची मोजणी झाल्याशिवाय निकाल द्यायचा नाही. कोणी कितीही घाई केली तरी नाही. दहाव्या दिवशी निपचित दिसणारा दाणा बाराव्या दिवशी मान वर काढतो, असं त्या सांगत. पाच वर्षांत माझ्यातला एकही आकडा चुकीचा निघाला नाही. वरिष्ठांनी एकदा सगळ्यांसमोर माझ्या झाकणावर थाप मारली होती. ती थाप मला अजून आठवते.

मग काम बदललं. चिन्मयीताईंना बीजोत्पादनाचे प्लॉट तपासायला गावोगाव जावं लागलं. सोमवारी बदनापूर, बुधवारी रेल्वेने परतूर, शुक्रवारी ड्रायव्हर धर्मराजच्या जीपमधून हसनाबादकडची गावं. मी त्यांच्या उजव्या खांद्यावर लटकत असे. खांदा दुखायला लागला तेव्हा त्यांनी मला प्रयोगशाळेतल्या काट्यावर ठेवलं. दोन किलो सहाशे चाळीस ग्रॅम. चार्जर धरून तीन किलो एकशे दहा. त्यांनी ते वहीत लिहिलं आणि त्याच संध्याकाळी त्या अर्पितभाऊंच्या दुकानात गेल्या. मी पिशवीतच होतो. सगळं ऐकत होतो.

"प्रवासात काम करायचंय. हलका पाहिजे," त्या म्हणाल्या.

"मॅडम, हा बघा. एक किलो दहा ग्रॅम. हातात तर घ्या, वहीसारखा वाटतो बिलकुल."

"उन्हात पडदा दिसतो?"

अर्पितभाऊ त्याला दुकानाबाहेर उन्हात घेऊन गेले. "बराबर दिसून राह्यलाय."

"चार्ज किती तास टिकतो? लिहिलेले तास नकोत, खरे सांगा."

"खरे नऊ. तुमच्या जुन्याचे किती?"

"दीड."

"मंग?"

"धूळ? आमच्याकडे जीपमध्ये कळांच्या खाली माती जाते."

अर्पितभाऊंनी उत्तर दिलं. पुढच्या महिन्यात त्या पुन्हा गेल्या, आणि त्याच्या पुढच्याही. त्यांच्या वहीत एक तक्ता तयार झाला. वजन, तास, पडद्याचा उजेड, कळांची खोली, पाण्याचे थेंब, पडल्यावरचा टिकाव. प्रत्येक नव्या लॅपटॉपचं काहीतरी एक कमी भरे. एका वर्षाने अर्पितभाऊ हसत म्हणाले, "मॅडम, तुम्ही लॅपटॉप बघून राह्यल्या का जावई?"

चिन्मयीताईही हसल्या. "जावई लवकर ठरतो. अजून एकदा सगळे ताडून बघते."

आणि याच काळात माझं पोट वाढायला लागलं.

पहिल्यांदा टचपॅड कडक झाला. मग झाकण नीट मिटेना, तेव्हा ताईंनी रबर बँड लावला. अर्पितभाऊंनी मला टेबलावर ठेवून हलकेच फिरवलं, तर मी भोवऱ्यासारखा फिरलो. ते हसले नाहीत. म्हणाले, "मॅडम, बॅटरी फुगली. ही आता मिळत न्हाई. हा वापरू नका. जल्दी करा."

"हंगाम संपू द्या," ताई म्हणाल्या.

त्यांना धोका कळत नव्हता असं समजू नका. त्या विज्ञान शिकलेल्या. सेलच्या आत वायू साठतो, पाकीट ताणलं जातं, आतला पातळ पडदा फाटला तर आग लागते, हे त्यांना माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. म्हणूनच दर सोमवारी त्या व्हर्नियर कॅलिपरने माझी जाडी मोजत. चोवीस पूर्णांक सहा मिलिमीटर. चोवीस पूर्णांक नऊ. पंचवीस पूर्णांक तीन. कॅलिपरचे थंड जबडे माझ्या दोन्ही अंगांना टेकले की मला वाटे, आज त्या बोलतील. त्या आकडा लिहीत आणि वही मिटत. एकदा स्वतःशीच पुटपुटल्या, "आणखी एक मोजणी होऊ दे."

कापसाच्या बियाला बारावा दिवस असतो. माझ्या पोटाला कोणी दिवस ठरवून दिला नव्हता.

जीप खड्ड्यात आदळली की मी आतून घट्ट होई. परतूरच्या गाडीत ताई मला मांडीवर घेत, आणि मला कारखान्यातलं ते चित्र दिसे. माझ्याखाली त्यांची मांडी, शेजारी कोणाचीतरी शिदोरी, समोर झोपलेली माणसं. आणि मला बोलता येत नाही.

आज शुक्रवार. आम्ही हसनाबादला झुंबरबाईंकडे आलो. झुंबरबाई स्वतःच्या हाताने फुलांचं परागीकरण करून कापसाचं बियाणं पिकवतात. यंदाचा सगळा कापूस त्यांच्या पुढच्या खोलीत छतापर्यंत रचलेला आहे. दाराशी चप्पल काढायची जागाही तीन पांढऱ्या बोचक्यांनी घेतली आहे.

"ताई, बसा कापसावरच. खुर्ची आत ऱ्हायली, ढिगाखाली," झुंबरबाई म्हणाल्या.

माझा चार्ज सकाळीच संपला होता. नुकतीच वीज आली होती. चिन्मयीताईंनी चार्जर भिंतीत लावला आणि मला मांडीवर उघडलं. झुंबरबाईंनी वाकून माझ्याकडे पाहिलं. "तुमचं यंत्र पोटुशी हाय का काय? मागल्या टायमाला आल्ता तवा सपाट व्हतं."

ताईंचा हात एक क्षण थांबला. "जुनं झालंय मावशी."

तेवढ्यात बाहेरून धर्मराजने हाक मारली. नमुन्याच्या पिशवीवरची चिठ्ठी फाटली होती. ताई उठल्या आणि मला कापसावर ठेवून गेल्या. मिनिटभराचं काम होतं. झुंबरबाई चहाला आत गेल्या.

मित्रांनो, माझा श्वास माझ्या पोटाखालून आत येतो. तिथे बारीक जाळी आहे. मी कापसात दोन बोटं रुतलो आणि जाळी बंद झाली. एकेचाळीस अंश. भिंतीतून वीज येतच होती आणि बॅटरी ती पीत होती. सेहेचाळीस. बाहेर ताई सावकाश अक्षरात नवी चिठ्ठी लिहीत होत्या. पाच मिनिटं झाली. बावन्न. कुठेतरी आत एक शिवण ताणल्यासारखी झाली, आणि नेलपॉलिशसारखा गोडसर वास सुटला. माझ्या चारही बाजूंना एका बाईच्या सहा महिन्यांचं काम होतं. ते किती झटकन पेटतं हे सांगायला विज्ञान लागत नाही.

मला ओरडता येत नाही. मला पंखा आहे. मी तो होता नव्हता तेवढ्या जोराने फिरवला. जाळीतून कापसाचे तंतू आत ओढले गेले, पात्यांना गुंडाळले, आणि पंखा खरखरत, अडखळत ओरडू लागला.

झुंबरबाई हातात चिमटा घेऊनच बाहेर आल्या. "ताई, ओ ताई. हे तुमचं घरघर करून राह्यलंय. वास कशाचा येतोय?"

त्यांनी पदर हाताला गुंडाळून मला धरायला हात पुढे केला.

"मावशी, हात लावू नका. मागं व्हा."

चिन्मयीताईंचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. त्यांनी आधी भिंतीतलं बटण बंद केलं. मग मला दोन कडांनी, पोटाला न दाबता उचललं आणि अंगणात नेलं. तिथे बांधकामाच्या वाळूचा ढीग होता. त्यावर त्यांनी मला ठेवलं, बटण दाबून धरलं, आणि पडदा विझला. मग सगळे दहा पावलं मागे सरले.

आत्ता मी त्याच वाळूवर आहे. पोटात अजून टिकटिक होते आहे. फुटेन की नाही, मला माहीत नाही.

जुन्या वस्तू तुम्हाला नेहमी विनवतात, आम्हाला टाकून देऊ नका. मी आज वेगळं मागतो. माझ्यासारख्याचं पोट फुगलेलं दिसलं तर त्याला दाबू नका, टोचू नका, पुन्हा चार्जिंगला लावू नका. लगेच मोठ्यांना सांगा. आणि मोठे म्हणाले, "बघू पुढच्या आठवड्यात," तर पुन्हा सांगा. आम्हाला वेळेवर खाली ठेवणं, हीच तुम्ही आमची घेतलेली शेवटची काळजी.

मग धर्मराज म्हणाला, "मॅडम, हे परत गाडीत घ्यायचं असंल तर मी पायी जातो."

झुंबरबाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. "माझ्या सासऱ्याला या खोलीत बिडी पेटवू दिली न्हाई मी. जावयाला बी न्हाई. अन् तुम्हाला म्या स्वतःहून कापसावर बसिवलं."

"चुकलं माझं, मावशी," चिन्मयीताई म्हणाल्या. "मला माहीत होतं."

त्यांनी पिशवीत हात घातला. कॅलिपर बाहेर निघाला. त्यांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि तो परत ठेवून फोन काढला.

"बोला मॅडम," अर्पितभाऊंचा आवाज आला. "आज काय विचारायचंय?"

"काही नाही. तो एक किलो दहा ग्रॅमचा आहे ना?"

"हाये. पण मॅडम, एक सांगू? मंगळवारी आणखी हलका येऊन राह्यलाय. नऊशे ग्रॅमच्या आत. चार दिवस थांबून दोन्ही बराबर ताडून बघा."

चिन्मयीताईंचा हात पिशवीतल्या वहीकडे गेला. तो हात मला ओळखीचा होता. दोन वर्षं मी तो बघत आलो आहे. त्यांनी वळून पांढऱ्याशुभ्र कापसाने भरलेल्या खोलीकडे पाहिलं, मग वाळूकडे.

"नको," त्या म्हणाल्या. "शेवटची मोजणी झाली, अर्पितभाऊ. तोच घेते. आज."