जगदाळ्यांचा भाला आणि नौतपा

सकाळी साडेसहा वाजता कुसुमताई जगदाळ्यांनी खलबत्त्यातल्या बत्त्याने परसातल्या कोठीचं कुलूप तोडलं. तिसऱ्या घावाला कडी निखळली आणि त्या आवाजाने वरच्या गॅलरीत त्यांचे दीर महिपतराव चहाचा कप घेऊन उभे राहिले.

"वहिनीसाहेब, हे काय आरंभलंय?"

"कुलूप तोडलं."

"ते दिसतंय मला. चावी होती ना माझ्याकडे."

"संक्रांतीपासून शोधताय भाऊजी. आता होळीही झाली."

ग्वाल्हेरच्या दर्पण कॉलनीतलं हे घर दोन भावांनी मिळून बांधलं होतं. खाली कुसुमताई, मुलगा मोहित आणि सून शिखा. वर महिपतराव एकटे. परसातली कोठी सामाईक, पण तिची चावी मात्र महिपतरावांकडे. कुसुमताई मुलींच्या शाळेत शिवण शिकवून निवृत्त झाल्या होत्या. त्यांचं माहेर देवासचं. तिथल्या परसात कोंबड्यांचं खुराडं होतं, आणि सासरी आल्यापासून ते त्यांच्या मनात घर करून होतं. लग्न झालं तेव्हा सासूबाई नको म्हणाल्या, मग यजमान म्हणाले पुढच्या वर्षी पाहू, आणि पुढचं वर्ष कधी उजाडलंच नाही. यजमान गेले. निवृत्तीनंतर कुसुमताईंनी पुन्हा विषय काढला तेव्हा महिपतराव मिशीवरून बोट फिरवत म्हणाले होते, "जगदाळ्यांच्या घरात कोंबडी ताटात येते, परसात नाही." त्या दिवशी कुसुमताई काही बोलल्या नाहीत. बोलल्या त्या थेट बत्त्याने.

महिपतराव खाली उतरले. कोठी विटांची, वर पत्रा, पश्चिमेला एक खिडकी. शहराच्या लष्कर भागातलं जुनं घर विकलं तेव्हा तिथलं जे कोणाला नको होतं आणि जे टाकवतही नव्हतं, ते सगळं इथे येऊन पडलं होतं. भुसा बाहेर आलेलं खोगीर, ठोके पडलेला तांब्याचा हंडा, जाड कापडाची एक भली मोठी गुंडाळी, लाकडी खांब, मोडक्या खुर्च्या. आणि या सगळ्यांपासून वेगळा, कोपऱ्यात, लाल फडक्यात गुंडाळलेला भाला.

भाला पणजोबांचा. दर दसऱ्याला तो बाहेर यायचा, त्याच्यावर गंध-अक्षता पडायच्या, झेंडूची माळ चढायची आणि महिपतराव गोष्ट सांगायचे. पणजोबा घोड्यावर होते, समोरून शत्रू आला, भाल्याचं पातं शत्रूच्या ढालीत मोडलं आणि हा नुसता लोखंडी सुळा उरला. लढाई कुठली, ते समोर कोण बसलंय त्यावर ठरायचं.

"ठीक आहे," महिपतराव सगळं न्याहाळून म्हणाले. "पण नौतपापर्यंत. त्या नऊ दिवसांत एक जरी कोंबडी गेली, तर कोठी परत माझी आणि उरलेल्यांचा रस्सा मी स्वतःच्या हाताने करणार."

"आणि एकही गेली नाही तर?"

"तर कोठी तुमची. चावीसकट."

"कुलूप तर मी तोडलं, भाऊजी. चावीचं काय लोणचं घालू?"

दारात उभी असलेली शिखा फिसकन हसली. "काकासाहेब, आईने तो पॉइंट पकड लिया."

"सूनबाई, तुम्ही मध्ये पडू नका. आणि एक. भाला पडवीत उभा राहील. त्याला कोणी हात लावायचा नाही."

मे महिन्याच्या अखेरीला रोहिणी नक्षत्रात सूर्य आला की ग्वाल्हेरात जे नऊ दिवस तापतात, त्यांना नौतपा म्हणतात. त्या दिवसांत रस्त्यावरचं कुत्रंसुद्धा गटाराच्या कडेला जाऊन पडतं. महिपतरावांनी अट विचार करून घातली होती.

कुसुमताई कामाला लागल्या. सामान पडवीत रचलं. कोठीची जमीन खरवडून चुन्याने सारवली. खिडकीला आतून-बाहेरून जाळी ठोकली. दार मध्ये कापून वरच्या अर्ध्याला जाळी बसवली. परसात मुंगूस यायचं, आणि मुंगूस दाराला धडका देत नाही, उंबऱ्याखालून उकरतं, म्हणून उंबऱ्याखाली हातभर खोल जाळी पुरली. जुन्या कपाटाचे खण उलटे-सुलटे करून त्यात गव्हाचा भुसा घातला. ती अंडी घालायची जागा. मोडक्या खुर्च्यांचे पाय साफ करून बसायला दांडे केले. मोहित रोज संध्याकाळी कामावरून येऊन "आई, मी करतो" म्हणायचा आणि तोवर काम झालेलं असायचं.

कोंबड्या सहा आल्या. पाच झाबुआच्या कडकनाथ, चोचीपासून नखांपर्यंत काळ्या. आणि एक तांबडी गावठी, जिला शिखाने आल्याबरोबर महाराणी म्हणायला सुरुवात केली. शेजारच्या सुनंदाताईंनी त्या दिवशी भिंतीकडच्या सगळ्या खिडक्या लावून घेतल्या. त्यांचं घराणं दरबारी कारकुनांचं. केकमध्ये अंडं आहे का, हे त्या दुकानदाराला दोनदा विचारत.

एप्रिल सुखाने गेला. मेही बराचसा. कुसुमताईंनी एकच चूक केली होती आणि ती माहेरची होती. देवासच्या खुराड्यावर पत्रा होता आणि कोंबड्या मजेत होत्या, म्हणून इथल्या पत्र्याकडे त्यांनी मान वर करून पाहिलं नाही. पण देवास माळव्यात आहे. तिथे दिवस कितीही तापला तरी रात्री अंगावर चादर लागते. ग्वाल्हेरात मे महिन्यात रात्री भिंतीला पाठ लावली तरी चटका बसतो. ज्या मुलखात जन्म काढला, त्याची ही साधी गोष्ट त्यांना ऐन वेळी आठवली नाही.

नौतपा लागला. दुसऱ्या दिवशी महिपतराव शिवपुरीला एका लग्नाला गेले. जाताना साफा बांधून जाळीपाशी थांबले आणि कोंबड्यांना म्हणाले, "भेटू. भेटलोच तर."

तिसऱ्या दिवशी, भर दुपारी, वीज गेली. लू सुरू होती, अंग भाजणारा कोरडा वारा. कुसुमताई ताक घेऊन कोठीत गेल्या तेव्हा पाचही काळ्या कोंबड्या चोची वासून, पंख अंगापासून लांब धरून धापा टाकत होत्या. महाराणी भुशात आडवी पडली होती. कुसुमताईंनी हात वर करून पत्र्याला लावला आणि लगेच ओढून घेतला.

"शिखा!"

शिखा धावत आली. तिने कोंबडी उचलली, न्हाणीत ओल्या पोत्यावर ठेवली आणि थेंब थेंब पाणी चोचीत सोडू लागली. "आई, सबको अंदर ले आते हैं ना. न्हाणीत ठेवू."

"आज ठेवशील. उद्या? अजून सहा दिवस आहेत, आणि प्रत्येक आजच्यापेक्षा वाईट. छप्पर थंड झालं पाहिजे."

भिंतीपलीकडून आवाज आला. "कुसुमताई, कूलरच्या जुन्या खसच्या टट्ट्या पडल्यात माझ्याकडे. देऊ का?"

सुनंदाताई डोक्यावरून पदर घेऊन भिंतीशी उभ्या होत्या. कुसुमताई पाहतच राहिल्या.

"अशा काय बघताय? मी अंडं खात नाही. म्हणून डोळ्यांदेखत जीव जाऊ देईन की काय?"

वाळ्याच्या मुळांच्या त्या टट्ट्या भिंतीवरून आल्या. मागोमाग पाण्याचा पाइप आला. खिडकीची सोय झाली. राहिला पत्रा. पत्र्यावर सावली हवी होती आणि सावली व पत्रा यांच्यात हवा खेळायला हवी होती. कुसुमताई पडवीत गेल्या आणि ती जाड कापडाची गुंडाळी त्यांनी अंगणात उलगडली. किती उलगडली तरी संपेना. कडेने दोर ओवायच्या कड्या, कोपऱ्यांना चामड्याचे तुकडे. आयुष्यभर मुलींच्या काजांवरून हात फिरवलेल्या कुसुमताईंची बोटं आपोआप शिवणीवरून सरकत गेली आणि मधोमध थांबली. तिथे एक पितळी कडी होती, भोवती चामडं, त्याला दुहेरी टाके.

"इथून काहीतरी वर जायचं," त्या म्हणाल्या. "हा तंबू आहे, शिखा. आणि याला मधला खांब असणार."

खांब होता. कोठीतून निघालेल्या लाकडांतला एक जाडसर, वरच्या टोकाला पितळी नळी बसवलेला. पण तो पत्र्याच्या उंचीलाच संपत होता. नळी वर तोंड करून उभी होती, वरचा तुकडा येऊन बसायची वाट पाहत असल्यासारखी.

शिखाची नजर पडवीच्या कोपऱ्याकडे गेली. "आई… वो भाला?"

"काहीतरीच बोलू नकोस."

त्या असं म्हणाल्या खऱ्या. पण न्हाणीतून कोंबडीचा बारीक घरघरता आवाज आला, आणि कुसुमताई उठल्या, भाल्याला हात जोडले, आणि लाल फडकं सोडलं.

खालचं टोक दर दसऱ्याला फडक्यातच असायचं. ते निमुळतं होतं, घासून गुळगुळीत झालेलं, आणि त्याच्यावर पितळेची पिवळी रेघ उमटलेली होती. कुसुमताईंनी ते नळीत घातलं. खट् आवाज झाला. दोन्ही लाकडं एका झाडाची असल्यासारखी एका रेषेत उभी राहिली. वरचा सुळा त्या कडीत जाऊन बसला. तिथे सुळाच लागत होता, पातं कधी नव्हतंच.

शिखा दोन पावलं मागे सरली आणि भाला खालपासून वरपर्यंत पाहू लागली.

"आई," ती हळूच म्हणाली, "इतने साल हम तंबू के खंभे की पूजा कर रहे थे?"

"गप्प बस. हे अंगणाबाहेर जायचं नाही. दोर आण."

एक दोर पेरूच्या झाडाला बांधला, एक नळाच्या खांबाला, एक फाटकाला, एक सुनंदाताईंच्या भिंतीतल्या हुकाला. तो त्यांनी स्वतः आवळला. खांब कोठीच्या भिंतीशी घट्ट बांधला, दोर ताणले आणि पत्र्यावर हातभर अंतर ठेवून तंबू उभा राहिला. कापड भिजवलं. खस भिजवली. वाहती लू खसमधून कोठीत शिरली ती ओल्या मातीचा वास घेऊन. ऊन कलायच्या सुमाराला काळ्यांनी एकेक करून चोची मिटल्या. न्हाणीतून महाराणी स्वतःच्या पायांनी चालत आली, उंबऱ्यावर थांबली आणि ओरडली.

"लो. महाराणी का दरबार लग गया," शिखा म्हणाली आणि रडायलाच लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी महिपतराव परतले. फाटकातूनच त्यांना तंबू दिसला. मग खांब. मग खांबाच्या टोकाचा सुळा. हातातली बॅग तशीच धरून ते अंगणात आले. कुसुमताईंनी रात्रभर जुळवलेलं भाषण त्या क्षणी विरून गेलं.

"भाऊजी, भाला मी घेतला. विचारायला हवं होतं. पण कोंबडी पडली होती आणि तुम्ही नव्हतात."

महिपतरावांनी बॅग खाली ठेवली. ते खांबापाशी गेले. पितळी नळीवर त्यांनी तळवा ठेवला, बोट सांध्यावरून फिरवलं, वर पाहिलं, सुळा जिथे कडीत गेला होता तिथे बराच वेळ पाहिलं. कुसुमताई मुद्दाम कोंबड्यांना दाणे टाकू लागल्या. शिखा आत गेली. माणसाला काही गोष्टी एकट्याने पाहू द्याव्या लागतात.

"चपखल बसलाय," ते शेवटी म्हणाले.

"हो."

"पणजोबा…" त्यांनी वाक्य सोडून दिलं.

"फौज नुसती लढत नाही, भाऊजी," कुसुमताई दाणे टाकता टाकता म्हणाल्या. "तिला कुठेतरी उतरावंही लागतं. आपलं अख्खं लष्कर फौजेच्या छावणीवरच उभं राहिलंय ना?"

महिपतरावांनी डोक्यावरचा साफा काढला, खुंटीवर ठेवावा तसा पेरूच्या फांदीवर ठेवला आणि तंबूभोवती एक फेरी मारली.

"पश्चिमेचा दोर ढिला आहे, वहिनीसाहेब. लू आली की फडफडेल. आणि ही काय गाठ? बायकांनी फराळाचा डबा बांधावा तशी!"

"मग तुम्ही बांधा की. तुमचं घराणं डेऱ्याचं."

ते चमकून वळले. कुसुमताईंचा चेहरा सरळ होता. मग महिपतराव हसले. आधी मिशीत, मग खांदे हलवून. आणि ती गाठ सोडून त्यांनी अशी आवळली की नंतर ती कोणालाच सुटली नाही.

उरलेले दिवस आणखी तापले. पण आता दुपारी कोठीपाशी दोन पाइप असत. एक कुसुमताईंच्या हातात, दुसरा दिराच्या. संध्याकाळी बागेत फिरायला जाणाऱ्या मंडळींना महिपतराव सांगू लागले की आमच्याकडे कोंबड्या डेऱ्यात राहतात, बाकीच्यांकडे खुराड्यात. सुनंदाताईंच्या भिंतीकडच्या खिडक्या उघड्या राहू लागल्या.

नौतपा उतरला त्या सकाळी कुसुमताईंनी जाळीचं दार सताड उघडलं. महाराणी पुढे, मागे पाच काळ्या, अशा त्या अंगणात उतरल्या. सगळ्याच्या सगळ्या. महिपतराव सकाळीच जाऊन गरम बेडई, डाळ भरलेल्या पुऱ्या, आणि जिलबी घेऊन आले होते. सुनंदाताईंचा वाटा भिंतीवरून गेला. खाणं झाल्यावर महिपतरावांनी खिशातून कोठीची चावी काढली. ती त्यांच्या दाढीच्या सामानात होती, आणि पहिल्यापासून तिथेच होती, हे त्यांनी कोणी न विचारता सांगून टाकलं.

"घ्या. जिंकलात."

कुसुमताईंनी चावी घेतली, कपाळाला लावली आणि कोठीच्या आत खिळ्याला अडकवली. पन्नाशीच्या आत जे मिळालं नाही ते साठीनंतर मिळालं होतं, आणि त्या दिवशी त्यांनी घरात कोणालाही न विचारता दारावर हिरवा रंग लावला.

पावसाळा गेला. तंबू उतरवून, वाळवून, घडी घालून कोठीच्या माळ्यावर ठेवलेला आहे. महाराणी अंड्यांवर बसली आहे. दसरा चार दिवसांवर आला आहे. लाल फडकं धुऊन, इस्त्री करून महिपतरावांच्या खोलीत आहे. खांब मात्र पडवीला टेकून अजून जोडलेलाच उभा आहे. दसऱ्याला तो तसाच पुजायचा की वरचा तुकडा काढून, आणि या वर्षी गोष्ट कोणती सांगायची, हे शिखाने काल त्यांना विचारलं. महिपतराव "बघू" म्हणाले आणि कोंबड्यांना दाणे टाकायला निघून गेले.