चूक सांगण्याचं यंत्र

“आजच्या या क्षणापासून भारताच्या आकाशात सुरक्षिततेचं नवं युग सुरू होत आहे,” असं हॉल्मग्रेनसाहेबांनी जाहीर केलं आणि हिरवं बटण दाबलं. काहीही सुरू झालं नाही. गुरुवार होता. गुरुवारी पुण्यात दुरुस्तीसाठी वीज जाते हे पेठेतल्या मांजरांनाही ठाऊक असतं. पण साहेब स्वीडनचे, आणि मुहूर्त परस्पर तिकडूनच ठरून आला होता. नवं युग शेवटी संध्याकाळी सुरू झालं. तोवर पेढे संपले होते.

तेव्हाचे दिवसच तसे होते. परवाने सुटले होते, प्रत्येकाच्या ओळखीतला एक तरी माणूस विमान कंपनी काढत होता, आणि हिंजवडीत संगणक कमी व ऊस जास्त होता. अशाच एका छोट्या खासगी कंपनीची विमानं दुरुस्त करायची एक पत्र्याची शेड पुण्यात होती. विकसनशील देशांतली उड्डाणं सुरक्षित व्हावीत म्हणून एका आंतरराष्ट्रीय संस्थेने (तिचं पूर्ण नाव म्हणेपर्यंत विमान सुटतं) या शेडला तांत्रिक मदत देऊ केली. मदत म्हणजे स्वतः हॉल्मग्रेनसाहेब, एक संगणक आणि त्याला जोडलेला एक टेलिफोन.

साहेबांचं म्हणणं असं, की विमान एका मोठ्या चुकीने पडत नाही. लपवलेल्या लहान लहान चुकांनी पडतं. तेव्हा ज्याच्या हातून काही राहिलं, चुकलं, त्याने फोन उचलून यंत्राला सांगावं. नाव सांगू नये. शिक्षा नाही, चौकशी नाही. चुका जमल्या की त्यांच्यावर उपाय काढायचा. कल्पना उत्तम होती. ती पुण्यात राबवायची होती, एवढीच काय ती अडचण.

यंत्राची आज्ञावली हिंजवडीच्या एका कंपनीने लिहिली होती आणि ती सांभाळायला नम्रता नावाची मुलगी दिली होती. मूळची अकोल्याची. नोकरी अजून कच्ची. संस्थेची अट सोपी होती: दिवाळीपर्यंत निदान एका माणसाने स्वतःच्या तोंडाने स्वतःची चूक सांगितली पाहिजे. नाही तर प्रकल्प कोलंबोला हलणार, आणि नम्रता अकोल्याला.

पहिल्या आठवड्यात यंत्रात जमलेले निरोप नम्रताने साहेबांना भाषांतर करून ऐकवले.

“हॅलो. हॅलो. कोण बोलतंय? अहो, बीप काय करताय, बोला की.”

“चूक झालेली नाही. तेवढं कळवायला फोन केला.”

“एक चूक सांगायची आहे. शकीलची आहे.”

“आत्ता मेहेंदळेसाहेबांनी फोन केला असणार. माझ्याविषयी ते काय म्हणाले असतील ते सगळं त्यांना लागू आहे.”

“कँटीनच्या पोह्यांत शेंगदाणे नव्हते. ही चूक धरता का? नसाल तर फोन कशाला ठेवलाय?”

यज्ञेश्वर मेहेंदळे हे शेडचे मुख्य मेकॅनिक. उभ्या नोकरीत त्यांच्या हातून चूक झाली नव्हती, असं तेच सांगत, त्यामुळे खात्रीची बातमी होती. शकीलभाई त्यांच्या हाताखाली पहिले. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या भवानी पेठेत; पुणेरी बाण्यात ते मेहेंदळ्यांच्या तसूभर मागे नव्हते. दोघांचं आपसात कशावरही पटत नसे. आपण चुकत नाही, यावर मात्र एकमत होतं.

हॉल्मग्रेनसाहेबांनी धीर सोडला नाही. त्यांनी सगळ्यांना शेडमध्ये गोळा केलं आणि स्वतःपासून सुरुवात केली. तरुणपणी एकदा आपण इंजिनात हातातली उजेडाची बॅटरी विसरलो होतो. नंतर रात्रभर झोप लागली नाही. सकाळी आपण होऊन सांगितलं आणि मोठा अनर्थ टळला. सांगताना साहेबांचा आवाज जड झाला. नम्रताचाही, भाषांतर करताना.

मेहेंदळ्यांनी हातातला पाना खाली ठेवला.

“वाईट झालं,” मेहेंदळे म्हणाले. “मग तुम्हाला नोकरीवरून काढलं असेल.”

“नाही. ठेवलं.”

“अच्छा. आणि आता आम्हाला शिकवायला पाठवलं.”

“हो.”

मेहेंदळ्यांनी शकीलभाईंकडे पाहिलं, शकीलभाईंनी मेहेंदळ्यांकडे. त्या दिवसापासून साहेब एखाद्या विमानाजवळून गेले की शकीलभाई मागोमाग जाऊन शेडमधल्या बॅटऱ्या मोजून घेत.

नम्रता शनिवार पेठेत सुशीलाबाई म्हणून एका बाईंकडे खोली घेऊन राहत होती. एका संध्याकाळी ती उतरलेल्या चेहऱ्याने घरी आली, तर जिन्यापर्यंत करपल्याचा वास. सुशीलाबाई ओट्यावर सांडलेलं दूध पुसत होत्या.

“काकू, दूध उतू गेलं?”

“गेलं नाही. जाऊ शकतं,” सुशीलाबाई फडकं पिळत म्हणाल्या. “तुला सांगून ठेवते हो. एखादी वेंधळी बाई असते, दूध ठेवते आणि बहिणीचा फोन आला की बसते बोलत. बरं, बोलायचं तर गॅस बंद करून बोलावं. तेही नाही. उद्या संसारात पडशील, उपयोगी येईल.”

“पण हे दूध...”

“ते मी उदाहरणादाखल सांगतेय. चहा बिनदुधाचा घेशील ना?”

बिनदुधाचा चहा पिता पिता नम्रताला वाटलं, आपण या शहराला भलताच प्रश्न विचारतोय. इथे कोणी कबुली देणार नाही. उपदेश मात्र मागावा तेवढा मिळेल.

दुसऱ्या दिवशी तिने यंत्रात नवी सूचना भरली: “आपल्यासारखी अनुभवी माणसं थोडी आहेत. आपल्यापेक्षा कमी अनुभवी माणसाच्या हातून या शेडमध्ये काय काय चुकू शकेल? नव्या लोकांच्या मार्गदर्शनासाठी कृपया सांगावे.”

जेवणाच्या सुट्टीत टेलिफोनसमोर रांग लागली. यंत्रातली जागा संपली. नम्रताला दोनदा वाढवून घ्यावी लागली.

“समजा, एखादा कच्चा माणूस चाकाचा नट आवळत बसलाय,” एक आवाज म्हणत होता, “आणि त्याला ऑफिसातून हाक आली की घरून फोन आहे, मुलगी पडली. तर तो पाना टाकून पळणार. परत आल्यावर नट आवळलाय असंच त्याला वाटणार. आम्ही तो रात्री जाऊन आवळला. म्हणजे, त्याने आवळला असता. मुलगी बरी आहे.”

दुसरा आवाज: “दोन्ही ग्रीसचे डबे पिवळे. एक चाकाचं, एक दुसऱ्या कामाचं. वरची ट्यूब केव्हाची गेलीये. अडाणी माणूस चुकीचा डबा उचलेल. उचललेला मी पाहिलाय. आरशात नव्हे.”

डब्यांविषयी तर पाच-सहा अडाणी माणसांचे अनुभव निरनिराळ्या आवाजांत आले. हॉल्मग्रेनसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि त्याच दिवशी एक डबा लाल रंगवला. ट्यूब बदलली. काम अर्धवट असताना घरचा फोन आला तर आधी दुसऱ्या माणसाला जागेवर उभं करायचं, असा नियम झाला. नियम मेहेंदळ्यांनी स्वतः फळ्यावर लिहिला, आणि खाली “हे सांगावं लागतं” असंही लिहिलं. नट आता अर्धे राहत नव्हते. वैमानिकसुद्धा येऊन फोनवर उपदेश करून जाऊ लागले.

साहेबांनी उत्साहाने अहवाल पाठवला. संस्थेचं उत्तर आलं: प्रगती कौतुकास्पद आहे, तथापि ‘एखाद्या’ माणसाच्या चुका मोजता येत नाहीत. अट कायम. दिवाळी तोंडावर आली आहे.

नम्रता टेलिफोनच्या वायरी गुंडाळायला लागली, तेव्हा मेहेंदळे हात पुसत आत आले.

“काय हो नम्रताबाई, यंत्र बिघडलं?”

“नाही सर. कोलंबोला चाललंय.”

“का?”

“इथे कोणी स्वतःची चूक सांगत नाही ना. तिकडचे लोक सांगतील, असं संस्थेला वाटतं.”

मेहेंदळ्यांनी फडकं खांद्यावर टाकलं. “म्हणजे,” ते म्हणाले, “हे काम तिकडे आपल्यापेक्षा चांगलं होईल, असं त्यांचं म्हणणं आहे?”

“तसंच काहीसं.”

“आणि तुम्ही?”

“मी अकोल्याला. नोकरी पक्की होणार नाही मग.”

“अकोल्याला ऊन फार,” मेहेंदळे म्हणाले. मग स्टूल ओढून बसले. “ती वायर परत लावा.”

नम्रताने वायर लावली आणि बाहेर जायला निघाली. “थांबा,” ते म्हणाले, “साक्षीदार असलेला बरा.” त्यांनी फोन उचलला, बीप होऊ दिली, घसा साफ केला.

“यज्ञेश्वर मेहेंदळे बोलतोय. नाव सांगू नये म्हणतात, पण निनावी बोलायची आमच्याकडे पद्धत नाही. गेल्या पावसाळ्यात चाकाला चुकीचं ग्रीस मी लावलं. एखाद्याने नव्हे, मी. डबा न वाचता उचलला, कारण वाचायला चष्मा लागला असता आणि समोर शकील उभा होता. चष्मा लागलाय हे त्याला कळू द्यायचं नव्हतं. जेवताना लक्षात आलं. विमान अजून दारातच होतं. अचानक तपासणी काढलीये असं सांगून सगळ्यांकडून चाकं उतरवून घेतली, धुतली, पुन्हा बसवली. सगळे मला शिव्या देत होते. त्या मी कौतुक म्हणून घेतल्या. विमानात माणसं बसायची होती हो. अजून कधी कधी जेवताना घास थांबतो. बस, एवढंच.”

फोन ठेवल्यावर ते बराच वेळ स्टुलावरच बसून राहिले. नम्रताने पाण्याचा पेला पुढे केला. तो त्यांनी सगळा प्यायला.

“बरं वाटतंय,” ते जरा संशयानेच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते सगळ्यांसमोर चष्मा लावून कामावर आले. शकीलभाईंनी एकदा पाहिलं, खिशात हात घातला, आणि स्वतःचाही चष्मा काढून डोळ्यांवर चढवला. आठवडाभरात यंत्रात ‘एखादा’ कमी होत गेला आणि ‘मी’ वाढत गेला. काही ‘मी’ तर कौतुकाच्या आशेने दोन-दोनदा फोन करू लागले.

प्रकल्प पुण्यातच राहिला. नम्रताची नोकरी पक्की झाली. दिवाळीनंतर समारंभ झाला, या वेळी शुक्रवारी. संस्थेच्या पाहुण्या आल्या होत्या. मेहेंदळ्यांची ध्वनिफीत हा आमचा आजवरचा सर्वांत मोलाचा ठेवा आहे, असं त्यांनी सांगितलं. ती ठिकठिकाणच्या विमानतळांवर प्रशिक्षणात वाजवली जाईल; एका माणसाच्या धैर्याने जगाचं आकाश अधिक सुरक्षित होईल. टाळ्या खूप वाजल्या. शकीलभाईंनी सगळ्यांच्या नंतर थांबवल्या. दिवेसुद्धा गेले नाहीत.

पाहुण्या चहाकडे वळल्यावर मेहेंदळे नम्रताला बाजूला घेऊन गेले.

“त्यांना माझी एक विनंती सांगाल?”

“सांगा ना सर.”

“म्हणावं, जगभर वाजवा, आमची काही हरकत नाही. नैरोबीत वाजवा, कोलंबोत वाजवा.” त्यांनी इकडेतिकडे पाहून आवाज उतरवला. “फक्त मुंबईला पाठवू नका.”