टोपाच्या तळाचं कालवण

श्रीपाद मास्तर डोंबिवलीचा. कॉलेजात समाजशास्त्र का काय ते शिकवतो. कळव्यात आमच्या आळीत लग्नाच्या हळदीचं जेवून चार पुरुष मेले, म्हणून सरकारी डॉक्टरनं त्याला धाडला. कोणी काय खाल्लं, काय प्यालं, ते घरोघर विचारून लिहायचं. त्यावरून पोलीस बघणार. तोवर धरून नेली माझी सून तुळसा, कारण म्हावऱ्याचं कालवण तिनं केलेलं. मेलेल्या चौघांत तिचा नवरा, माझा पंढरी. बिचारीनं कुंकू पुसलं तेपण चौकीत.

आता ह्या शहाण्याची अक्कल बघा. दारूबंदीचे दिवस, आणि हा हवालदाराला शेजारी उभा करून विचारतो, "दारू पिता का?" चव्वेचाळीस घरं नाय म्हणाली. ह्यानं चव्वेचाळीस वेळा "नाही" लिहिलं. वर मान डोलवतो, जशी काय आम्ही सगळी माळकरीच.

आणि विचारलं ते फक्त पुरुषांना. काय जेवलात? कालवण. लिही कालवण. माझ्या घरात पुरुष उरलाच नव्हता, तर शेजारच्या दिराला हाक मारून विचारलं. मी उंबऱ्यातच बसलेले. मला म्हणाला, "आवडाबाई, जरा पाणी द्याल?"

दिलं. मेल्याला एवढं कळेना, की आमच्यात पुरुषांची पंगत उठल्यावर बायका जेवतात. त्याच टोपातलं, तळाचं. तीस जणी जेवलो. एकीला साधी मळमळ नाय झाली.

चौथ्या दिवशी कळलं, तुळसाला उद्या ठाण्याच्या कोर्टात उभी करणार. तीस बाया घेऊन मी शाळेत गेले. मास्तर तिथं कागद जुळवत होता.

"ह्या तेच कालवण जेवल्यात. लिहा."

"पण बाई, घरटी एकच ओळ आहे."

"मग मागं लिहा. मागं कोरंच हाय ना?"

त्यानं लिहिलं. मग पहिल्यांदा माणसासारखं विचारलं, "मग त्या चौघांनी वेगळं काय घेतलं?"

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. सगळ्यांना ठाऊक होतं. मेलेल्या पोराला बोल लागू नये म्हणून मी तीन दिवस मिठाची गुळणी धरून बसले, आणि जित्या सुनेला चौकीत सडू दिलं. मास्तरला मी हसत होते. त्याला तर ठाऊकच नव्हतं.

पदराखालचा डबा काढून टेबलावर ठेवला. तळाला थोडी दारू उरलेली.

"ही घेतली चौघांनी. माझ्या पंढरीनं आणलेली," म्हटलं. "नाव नीट लिहा."