आकडा एकशे पस्तीस

मी सी-सात बोलतोय. नावावरून मला कैदी समजू नका. अडतीस वर्षं एकाच जागी खिळून आहे हे खरं, पण गुन्हा काही केलेला नाही. मी खांब आहे, दुमजली इमारतीतल्या बारा भावांपैकी सातवा. माझे पाय जमिनीखाली आहेत, पोट तळमजल्यावरच्या एका कार्यालयात आहे आणि मान वरच्या पाळणाघरातून जाऊन गच्चीला टेकली आहे. त्यामुळे खालची गणितं आणि वरची रडारड दोन्ही मला सारखीच ऐकू येतात. खांबाला बोलता येत नाही असं म्हणणाऱ्यांनी कधी खांबाला कान लावून पाहिलेला नसतो. मी थोडं तिखटमीठ लावून बोलतो, एवढं मात्र आधीच कबूल करतो.

माझा जन्म साधा झाला नाही. आधी माझा सळयांचा सांगाडा उभा राहिला. तो बांधला पंचविशी ओलांडलेल्या एका फिटरनं. खिळे ठोकलेला लाकडी पाट, सळई वाकवायची लोखंडी चावी आणि दाताखाली तारेचा तुकडा, एवढाच त्याचा संसार होता. आज सगळे त्याला मामा म्हणतात, पण तेव्हा तो कुणाचाच मामा नव्हता.

उभ्या सळयांना बाहेरून आवळणाऱ्या चौकोनी कड्या असतात, त्यांना कामावर रिंगा म्हणतात. मामानं माझ्यात रिंगा घालायला सुरुवात केली ती थांबेचना. मुकादम ओरडला, "अरे, खांब बांधतोयस की पिंजरा? ऐंशी पुरतात!" मामानं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बोटांच्या पेरांवर तो मोजत राहिला. रिंगा इतक्या दाटल्या की काँक्रीट ओतताना खडीला अंग चोरून आत शिरावं लागलं. एक दगड तर वरच्या वर "माझं जमायचं नाही" म्हणून परत गेला. बरं, परत नसेल गेला, पण विचार त्यानं नक्की केला होता.

पुढं दिवस बरे गेले. मला रंग लागले, कॅलेंडरं लागली, एकदा कुणीतरी माझ्यावर "थुंकू नये" अशी पाटी लावली आणि लोक ती वाचत वाचत थुंकले. बारा वर्षांपूर्वी भूकंपाचा हलका धक्का बसला, तेव्हा टेबलावरचे पेले नाचले आणि माझ्या गिलाव्याला केसाएवढी भेग पडली. मी हललो नाही. हललो थोडा, पण कुणाला दिसलं नाही.

मग तळमजल्यावर इमारतींची मजबुती तपासणारं कार्यालय आलं. कार्यालय एका बाईंचं. त्या मामाची सख्खी भाची. लहानपणी मामाच्या पाटावर बसून तारेच्या बाहुल्या वळणारी ही पोर आता संगणकावर इमारती उभ्या करते आणि पाडते. तिच्या जोडीला एक दाढीवाला इंजिनिअर आहे. त्याला सगळे दशांश म्हणतात, कारण "चहा किती घेणार?" विचारलं तरी तो "शून्य पूर्णांक सात पाच कप" सांगतो. मामा निवृत्त झाला, पण दुपारी भाचीचा डबा घेऊन यायचा आणि डबा देऊन झाला की मला पाठ टेकून उभा राहायचा. मीही त्याची पाठ ओळखायला लागलो होतो.

यंदा इमारतीच्या मालकांच्या मनात आलं की वर आणखी एक मजला चढवावा. पाळणाघर फुललं होतं आणि पस्तीस पोरांना जागा अपुरी पडत होती. "खांब पेलतील का, तेवढं तपासून शुक्रवारपर्यंत लिहून द्या," असं ते बाईंना सांगून गेले.

म्हणून संगणकावर माझं मॉडेल तयार झालं. बाईंचा पडदा माझ्यासमोरच होता. आरशात पाहावं तसा मी स्वतःकडे पाहत होतो. त्यांनी मला आडवं कापलं, म्हणजे पडद्यावर, आणि बारीक बारीक चौकटींत वाटलं. रिंगांच्या बाहेरच्या चौकटी राखाडी, त्या माझं कातडं. रिंगांच्या आतल्या निळ्या, तो माझा गाभा.

"दोन्ही एकच काँक्रीट ना गं?" मामानं एकदा विचारलं होतं.

"काँक्रीट एकच मामा, पण वागणं वेगळं. दाबलं की काँक्रीट फुगायला बघतं. बाहेरचं सुटून पडतं. आतल्याला रिंगांनी आवळून धरलेलं असतं, त्यामुळे ते फुगू शकत नाही आणि कितीतरी जास्त सोसतं. म्हणून संगणकाला दोन्ही वेगवेगळी सांगायची."

"म्हणजे माणसासारखंच," मामा म्हणाला. "धरणारं कुणी असलं की सोसतं."

बुधवारी पडद्यावर माझ्या गाभ्याच्या ताकदीचा आलेख उमटला आणि मी हरखलो. केवढा उंच चढत होता, आणि उतरताना कसा सावकाश, रुबाबात! संगणकानं मला खोटा भूकंप दिला, डावीकडून उजवीकडून ढकललं, तरी मी ताठ. इतका पहिलवान मी आयुष्यात दिसलो नव्हतो. पण आलेखाच्या बाजूला रिंगेचं चित्र होतं आणि तिची दोन्ही टोकं गाभ्यात आत वळलेली होती. माझ्या रिंगांची टोकं तशी नव्हती, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तरी मी गप्प बसलो. कुणी विचारलंच नाही, हे माझं एक कारण. कौतुक गोड लागतं, हे दुसरं.

गुरुवारी दुपारी मामा डबा घेऊन आला तेव्हा दशांश शेवटची तपासणी करत होता.

"सी-सात. रिंगचा आकडा?"

बाईंनी जुन्या नकाशाच्या समासातली टीप वाचली. "एकशे पस्तीस."

"बरोब्बर!" मामानं डबा टेबलावर ठेवला. "मोजून एकशे पस्तीस. एक कमी नाही, एक जास्त नाही. हा खांब माझ्या हातचा आहे म्हटलं!"

बाई हसल्या. "मामा, तुम्ही कोन मोजायचात?"

"कोन कशाला मोजू? रिंगा मोजल्या."

बाईंचं हसू अर्ध्यावर थांबलं. "एका खांबात एकशे पस्तीस रिंगा?"

"पायापासून गच्चीपर्यंत. मुकादम म्हणत होता ऐंशी पुरतात. मी म्हटलं, कागदावर आकडा लिहिलाय, त्यात कमी करणारा मी कोण? बाराही खांबांत तेवढ्याच."

"आणि रिंगेची टोकं कशी वळवलीत?"

मामानं दोन तर्जन्या काटकोनात धरल्या. "अशी. तेव्हा सगळे अशीच वळवायचे."

वाचकहो, आपल्या भाषेत आकडा म्हणजे मोजणीची संख्या आणि आकडा म्हणजे अडकवायचं वळलेलं टोकसुद्धा. नकाशा करणाऱ्या साहेबानं मजुरांना कळावं म्हणून मराठीत लिहिलं होतं, "रिंगचा आकडा १३५°". म्हणजे टोक एकशे पस्तीस अंशात वळवा, आत गाभ्याकडे. पण अंशाची ती बारीक टिकली नेमकी घडीवर आली आणि पुसली गेली. एका अर्थी नशीबच, टिकली राहिली असती तर मामानं तिला शून्य समजलं असतं. मग तेराशे पन्नास रिंगा झाल्या असत्या आणि काँक्रीटला जागाच उरली नसती.

दशांश हळूच म्हणाला, "नकाशात एकशे पस्तीस आहे. नियमानं आपण नकाशा धरू शकतो. मामांचं सांगणं मी कुठल्या रकान्यात भरू?"

वर कुणीतरी खुळखुळा आपटला. बाईंनी छताकडे पाहिलं. "फोडून बघू," त्या म्हणाल्या.

छिन्नी मामानंच घेतली. "माझं काम आहे, मीच उघडतो." माझ्या कोपऱ्याचं वीतभर कातडं त्यानं काढलं. दुखलं का विचाराल, तर छिन्नीनं नाही दुखलं. दर घावाआधी तो माझ्यावरून तळवा फिरवत होता, ते दुखलं. आतून रिंग दिसली. टोक काटकोनात, कातड्याला चिकटून, बाहेरच्या बाजूला.

"काय होतं त्यानं?" मामानं विचारलं.

बाईंनी स्वतःचे दोन्ही पंजे एकमेकांवर नुसते टेकवले. "वर पाळणाघरातल्या ताईंनी पोराला असं धरलं तर?"

"निसटेल."

मग त्यांनी बोटं बोटांत अडकवली. "आणि असं?"

मामानं ती बोटं ओढून पाहिली, सुटली नाहीत.

"भूकंपात बाहेरचं कातडं सुटलं की काटकोनी टोकं उघडतात. मग रिंगा कितीही असू देत, आवळणार कोण?"

"मी चुकलो का गं?"

"तुम्ही वाचलंत तसं केलंत."

"ते नाही विचारलं मी."

"हो मामा. चुकलात. पण त्या जास्तीच्या रिंगांनी उभ्या सळयांना जागोजागी धरून ठेवलंय. मागच्या धक्क्याला त्यांचीही थोडी मदत झाली असेल."

"थोडी" हा शब्द मामानं खिशात ठेवल्यासारखा ठेवला. पण त्या दिवशी त्यानं मला पाठ टेकली नाही.

बाईंनी माझा निळा गाभा राखाडी केला. आवळलेलं नाही, साधं काँक्रीट, असं संगणकाला खरं सांगितलं. आलेखाचा डोंगर बसला, त्याचा उंबरठा झाला. खोट्या भूकंपाच्या तिसऱ्या हेलकाव्याला मी पडद्यावर लाल झालो. माझ्यामागोमाग नऊ भाऊ लाल झाले. स्वतःला असं कोसळताना पाहणं बरं नसतं. पण आदल्या दिवशीचा तो पहिलवान पाहण्यापेक्षा ते बरं होतं, कारण हा मी होतो.

शुक्रवारी मालक आले आणि तापले. "मामाच्या एका वाक्यावर माझा मजला गेला?"

"मजला नंतर बघू," बाई म्हणाल्या. "आहे त्या मजल्यावरची पोरं आधी दुसरीकडे हलवा. खांबांना जॅकेट, म्हणजे बाहेरून सळया-काँक्रीटचा नवा थर, घालावं लागेल."

मालकांनी माझ्या कोपऱ्यावर फोडलेल्या खिडकीत डोकावून पाहिलं. त्यांची नातही वरच असते. त्यांनी वाद घातला नाही.

पाळणाघर महिनाभर समोरच्या शाळेत गेलं. माझ्याभोवती नव्या सळया उभ्या राहिल्या. बाकी खांबांना दुसरे फिटर होते, पण माझ्यापाशी मामा आपला जुना पाट घेऊन आला.

"किती घालू?" त्यानं विचारलं.

बाईंनी कागदावर लिहून दिलं. एका ओळीत "रिंगा: ऐंशी नग". दुसऱ्या ओळीत "टोकाचा कोन: एकशे पस्तीस अंश". अंश अक्षरात लिहिला होता. आकडा हा शब्द कुठेच नव्हता. वर पुठ्ठ्याचा कापलेला कोनही दिला. मामा प्रत्येक टोक त्या पुठ्ठ्याला लावून पाही, नाही जुळलं तर शिव्या घालून पुन्हा वळवी. कोपऱ्यांत खाचा पाडून त्यानं टोकं आत वळवली. शेवटची रिंग बांधून झाली तेव्हा त्यानं चावी खाली ठेवली आणि खूप दिवसांनी मला पाठ टेकली.

दुसऱ्या दिवशी नवं काँक्रीट आलं. आता मला पडदा दिसत नाही. मी आतला झालोय. पण ऐकू येतं. बाईंनी नव्यानं मॉडेल केलं तेव्हा दशांश म्हणाला, "जुना खांब कुठल्या रंगात?" आणि त्या म्हणाल्या, "निळ्या. आता तो आवळलेला आहे." वरचा खुळखुळा परत आलाय. या कार्यालयात कुणी "आकडा किती?" विचारलं की चारी टेबलांवरून एकच प्रश्न येतो, "कुठला?"

तुम्हालाही माझी हीच विनवणी आहे. कुणी तुमच्या हातात आकडा ठेवला, तर मान डोलावण्याआधी एवढं एकदा विचारा.

आणि हो, ऐंशी रिंगा सांगितल्या होत्या तिथं मामानं एक्क्याऐंशी घातल्यात. यात तिखटमीठ नाही. मी आत बसून मोजल्यात.