दोऊचं मडकं

सकाळी उठून बघतात तर डुकरांचं आवार नदीने गिळलेलं. ही पिवळी माती मुळात अशीच. लाकडी कुदळीने नुसती उकरली तरी राळ्याने कणग्या भरून टाकते, आणि पाणी लागलं की भिजल्या भाकरीसारखी सुटते. वस्तीने ठरवलं, आजच्या आज वरच्या पठारावर जायचं. तिथे पाणी वाहून वाहून कंबरडं मोडेल, पण जीव तरी वाचेल.

थोरांच्या हाडांची गाठोडी आधीच वर गेली होती. राहिली ती पोरं. तान्हं पोर गेलं की मडक्यात घालून घराच्या दाराशीच पुरायचं आणि मडक्यावर झाकलेल्या वाडग्याला बोटभर भोक ठेवायचं. त्यातून पोराचा जीव खेळायला बाहेर जातो आणि परत येतो. ही मडकी कधी कुणी हलवत नसे.

रुआनने मात्र आपल्या दोऊचं मडकं उकरून काढलं होतं आणि ते मांडीवर घेऊन ती दारात बसली होती. तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. भोक उघडं ठेवून चढण चढावी, तर वाटेत पोर सांडायची भीती. लिंपून टाकावं, तर तो या घटकेला आत आहे की बाहेर, हे कसं कळणार? बाहेर असला तर ती रिकामं मडकं घेऊन जाणार आणि दोऊ कायमचा खाली राहणार.

"अजून बसलीच आहेस?" पाठीवर राळ्याचं ओझं घेतलेला तिचा नवरा गंग ओरडला. "नदी काय तुझी मावशी लागते, थांबायला?"

"तो आत आहे का तेवढं सांगा, लगेच उठते."

मडक्याकडे न बघता गंग चालू लागला.

तिने भोकाला कान लावला, मग गाल लावला. कधी वाटे आत काही हललं, कधी वाटे नदीचाच आवाज. लिंपायचा गोळा मुठीत वाळत चालला. खाली दरडीचा मोठा काप पाण्यात कोसळला आणि अंगणात भेग पडली.

तेवढ्यात सासू वाकत वाकत आली. सकाळपासून तिने सुनेला नाही नाही ते बोलून घेतलं होतं. आता तिच्या हातात ऊन पेजेचं भांडं होतं.

"जेवायच्या वेळी पोरं घरी येतात. एवढी अक्कल नाही तुला?" तिने पेज भोकाशी धरली. "मार हाक."

"दोऊ! जेवायला ये रे!"

वाफ जराशी भोकाकडे वळली.

"आला. लिंप आता."

"नक्की ना, आत्याबाई?"

"नक्की कसं असेल? ऊठ!"

रुआनने भोक लिंपलं आणि मडकं उराशी धरून ती चढणीला लागली. अर्ध्यावर पोचते तोच मागे धडाडलं. घर, दार, अंगण, सगळं पाण्यात गेलं. सासू थोडी खाली होती, वाटेवर पेज सांडत सांडत येत होती.

"राहिलाच असेल बाहेर, तर वासावर येईल," ती म्हणाली आणि नदीकडे वळून ओरडली, "दोऊ! चल रे वर!" मग तिचा आवाज फाटला. "मेंग! लान! चला गं, तुम्हीपण चला!"

ही नावं रुआनने त्या घरात कधीच ऐकली नव्हती. दाराशी आणखी मडकी होती, हेही तिला कुणी सांगितलं नव्हतं.

ती चार पावलं खाली उतरली. तिने नखाने ओलं लिंपण काढलं, भोक मोकळं केलं आणि मडकं सासूपुढे धरलं.

"आत जागा आहे, आत्याबाई."